माझा वाढायचा वार

अड्याळच्या बसथांब्यावर बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि खाली उतरून कंडक्टरला दोनदा बजावलं, पेटी पोरीची आहे, जपून. माय धानाच्या रोवणीवरून थेट आली होती. पायांवरचा बांधीतला चिखल वाळून पांढरा पडला होता. ती म्हणाली, "पोटभर जेवजो, लाजू नको." बाबा धानगिरणीत हमाली करायचे, बोलायचे कमी. बस सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "आपल्या वाटचं काम कोणाले देऊ नको, विमल." कॉलेजात चाललेल्या मुलीला हा कसला उपदेश? भंडारा येईपर्यंत मी त्यांच्यावर रुसून होते.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. आम्ही महार, बाबांच्या तारुण्यात बौद्ध झालेले. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि मुलींच्या होस्टेलात आमच्यापैकी मी एकटीच. गावात राहिलेल्या तुम्ही मैत्रिणी मला अजून विचारता, तिथं तुला त्रास झाला का. खरं सांगते, सुरुवातीला माझे लाडच झाले.

मेसमध्ये स्वयंपाकाला एक बाई होत्या, पण वाढायचं मुलींनीच. प्रत्येकीचा वार ठरलेला. रविवारसाठी भांडणं व्हायची, कारण त्या दिवशी वडाभात असे आणि उरलेले वडे वाढणारीचे. वार लावून द्यायची बपेऱ्याची शोभा, व्यापाऱ्याची मुलगी. माझा वार कोणता, असं मी तिला विचारलं तेव्हा ती गोड हसून म्हणाली, "तू अभ्यास कर वं. तुह्या वाटचं आमी वाढू." मी हरखले. माझं काम दुसऱ्यानं करावं हे सुख मला कुठं माहीत होतं? हिवाळा लागेपर्यंत मी ऐटीत बसून जेवले.

मग एका मंगळवारी वाढणारीला ताप आला. पंगत बसलेली, म्हणून मी वांग्याच्या भाजीची बादली उचलली. शोभा धावत आली आणि माझ्या हातून बादली काढून घेतली, अगदी प्रेमानं. "तुले कायले तरास? बस ना तू." मी बसले. बादली कोपऱ्यात गेली आणि साऱ्या पंगतीनं नुसता वरणभात खाल्ला. मला कोणी एक शब्दही बोललं नाही. त्या बादलीतली भाजी फक्त माझ्या एकटीच्या ताटात पडली, हवी तितकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी भरून निघाले. फाटकाशी आमच्या रेक्टर पराते बाई भेटल्या. मोहाडीच्या, विणकरांच्या घरातल्या. कॉलेजात गणित शिकवायच्या. गणित असो की गुंतलेलं सूत, त्या ओढाताण करत नसत.

"कुठं जाऊन राहिली?"

"घरी. मले नाही शिकाचं."

"काहून?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या माझी समजूत घालतील किंवा मुलींना झापतील, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुहा वार कोणता?"

"मले वारच नाही बाई."

"मंगळवार तुहा. तोवर थांब. मंग जाचं असंल तर मीच बसमधी बसवून देतो तुले."

एरवी त्या आपल्या खोलीत जेवायच्या. त्या मंगळवारी स्वतःचं ताट घेऊन पंगतीच्या टोकाला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विमल, वाढ." मी गडबडून त्यांच्या रिकाम्या ताटात वरण ओतलं. "अवं, भात दे आधी. वरण का चाटू?" दोघीतिघींना हसू फुटलं. पण शोभा आणि आणखी चौघी ताटावरून उठून गेल्या. बाई रागावल्या नाहीत. स्वयंपाकाच्या बाईंना म्हणाल्या, "त्याइचं झाकून ठेवा. भूक लागली का येतीन. वाढंल विमलच."

त्या आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी तर नवलच झालं. पाचही जणींनी एकदम मंगळवारचा उपास धरला. देवाला मध्ये आणल्यावर बाई काय करणार? बाईंनी दर मंगळवारी साबुदाण्याची खिचडी करायला सांगितली, दाण्याचं कूट सढळ हातानं घालून. तीही वाढायची मीच. पाच जणी खोलीत पाणी पिऊन बसायच्या आणि खिचडीचा वास जिन्यानं वर जायचा. पेटी माझ्या खाटेखाली अजून भरलेलीच होती.

शेवटी शोभाचे वडील आले. पोरीचे हाल चाललेत, त्या मुलीचं वाढणं बंद करा, नाहीतर संस्थेच्या अध्यक्षांकडे जातो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. बाई विधवा, पदरात दोन मुलं, आणि नोकरी त्याच संस्थेची. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या शोभाचा वार शुक्रवार. दर शुक्रवारी विमल तिच्या हातचं जेवते. तिनं कधी उपास नाही धरला." ते अध्यक्षांकडे गेलेही. बाईंना बोलावणं आलं, त्या जाऊन आल्या. तिथं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण मंगळवार माझाच राहिला. माणसानं किती धीट असावं हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्या मापाचं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी शोभा खाली आली. मान वर न करता ताट पुढं केलं. "थोडीच दे." मी भरपूर वाढली. तिनं सगळी खाल्ली. आमची मैत्री जमली असं मी म्हणणार नाही, पण तिचा उपास सुटला आणि मी पेटी रिकामी केली.

आता मी पुण्यात बँकेत आहे. फ्लॅट, गॅस, स्कूटर, सगळं झालं. 'मले'चं 'मला' झालं. दुपारी ऑफिसात डबे उघडतात तेव्हा मी माझा डबा आधी फिरवते. कोणाचं पोट नेमकं त्याच वेळी भरतं, हे माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांना सांगायला नको. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवते. अड्याळला गेले की माय मला कशाला हात लावू देत नाही. "पाहुणी आली, बस," म्हणते. बाबा आता नाहीत. ते असते तर तिला रागावले असते. तिथली राहिले नाही आणि इथली झाले नाही, असं वाटत राहतं.

गेल्या वर्षी पराते बाई निवृत्त झाल्या. त्याच मेसमध्ये निरोपाची पंगत होती. दूरदूरहून जुन्या मुली आल्या होत्या. मी सिल्कची साडी सावरत, बाहेरगावची पाहुणी म्हणून पाटावर बसले. बाई समोरच होत्या, केस पार पांढरे झालेले. माझ्याकडे बघत राहिल्या.

"विमल, आज कोणता वार?"

"मंगळवार, बाई."

"मंग बसली काहून?"

इतक्या वर्षांत कुठंच वाटलं नव्हतं तसं वाटलं, मी घरी आले. मी पदर खोचला आणि भाताची परात उचलली.