चहाचा काढा आणि उडालेली झोप

"तुमच्या अंगात भूत नाही बाई, चहा आहे," अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणि मी भर गर्दीत हसले. धनी मान खाली घालून उभे. हसू नको तर काय करू? त्या भुतापायी माझी तान्ही मुलगी सासूबाईंनी काढून घेतली होती. पाजायला तेवढी हाती द्यायच्या, की लगेच परत.

आता पहिल्यापासून सांगते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला, की दिवसभर वेचणी आणि घरी आलं की सरकी काढणं. मी बाळंतपणातून नुकती उठलेली, अंग ठणकायचं. अडत्यानं धन्यांना चहाची पुडी दिली. साहेब लोक पितात म्हणे, थकवा जातो. थकवा जातो म्हणजे औषधच ना! मग आम्ही त्याचा काढा केला, अडुळशाचा करतो तसाच. भांडंभर पाणी आटवून वाटीभर उरवायचं, आणि दिवेलागणीला डोळे मिटून प्यायचं.

झोप उडाली. छाती धडधडे, हात कापत. झोप नाही म्हणून थकवा, आणि थकवा म्हणून सासूबाई आणखी एक वाटी देत. मायेनंच देत, खोटं कशाला बोलू. पोरगीही किरकिरायला लागली, तशा त्या बिथरल्या.

"डोये पाहा हिचे! मांत्रिकाले बोलवा, नाई तं अकोल्याले माहेरी धाडा. पोरगी मी देत नाई."

"मांत्रिकानं माह्या केसाले हात लावला तं हात मोडीन त्याचा," मी म्हटलं. आणि धन्यांना, "दवाखान्यात न्या, नाई तं पायी जातो."

कापसाची गाडी बाजाराला निघालीच होती. मी चढून बसले.

दवाखान्याच्या ओसरीवर फार वेळ बसवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, काय खाता-पिता विचारलं. काढ्याची रीत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"याला इन्सोम्निया म्हणतात." म्हणजे निद्रानाश, झोप न लागणं. "चहात जागं ठेवणारा अंश असतो. तुम्ही तो आटवून पिता, तेही संध्याकाळी! दुधातून लेकराच्याही पोटात जातो. बंद करा. थोडे दिवस डोकं दुखेल, घाबरू नका."

घरी येऊन पुडी चुलीत टाकली. डोकं असं दुखलं म्हणता! सासूबाई म्हणाल्या, "जाता जाता तरास देऊन राह्यलं थे भूत." मी दात आवळून पडून राहिले.

मग एका सकाळी तोंडावर ऊन आलं, तेव्हा कुठे जाग आली. उठले, सरळ सासूबाईंच्या बाजेशी गेले आणि मुलगी उचलली.

"अवं, मांत्रिक यायचा हाय अजून!"

"येऊ द्या. जेवू घाला अन् वाटेले लावा. पोरगी आता माह्याजवळच निजन."

पोरगी माझ्या खांद्यावर झोपलीसुद्धा.

बायांनो, तुमच्या जागरणाला कोणी भूत म्हटलं, तर आधी पोटात काय जातं ते पाहा आणि दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर मानीन. पण गाडीत चढून बसले ती मी, हेही लिहून ठेवते.