वाळत घातलेले युनिफॉर्म

परळची खोली लहान पडायला लागली, तेव्हा मुलाने भाईंदरला घर बघायला घेतलं. नातवंडांना शाळा चांगली मिळाली तरच घर घ्यायचं होतं. तो मोबाइलवर शाळा बघायचा. माझी बायको तिथल्या जेसल पार्कच्या गल्लीत मान वर करून ग्रिलमध्ये वाळत घातलेले युनिफॉर्म बघत उभी राहिली.

“अगं, लोकांचे कपडे काय बघतेस? मार खाशील.”

“तुम्ही गप बसा. ती निळी पँट बघा. धुतली तरी गुडघ्यावर मातीचे डाग आहेत. म्हणजे त्या शाळेत पोरांना खेळू देतात.”

त्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारून ती शाळा शोधली आणि नातवंडांना तिथेच घातलं. शाळा सुरू व्हायच्या आधीच बायको गेली. आता पोरांना आणायला मी जातो. दोघं मैदानात लोळत असतात. हे तिने बघायला पाहिजे होतं. मी हाक मारायची घाई करत नाही.