मामीचा ठेका

मामा आणि मामी, दोघांनीही जन्म यंत्रमागांच्या कारखान्यात काढला. तिथल्या खडखडाटात बोंब मारली तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून सगळे नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. या दोघांची भांडणंही तशीच, बिनआवाजी. पुढचं ऐकायचं नसलं की मामी सरळ डोळे मिटायची. मग मामाने कितीही तोंड वाजवलं तरी उपयोग शून्य. लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

लग्नाआधी मामी गाणं शिकत होती. दोन पगार आले तर बरं, म्हणून मामानेच तिला मागावर उभं केलं. गाणं तिथेच संपलं. पुढे मागाने तिचे कानही खाल्ले. डॉक्टर म्हणाले, उरलंसुरलं ऐकू येणंही लवकरच जाईल. तेव्हापासून मामाच्या मनाने एकच घेतलं होतं: त्याआधी हिला एकदा समोर बसवून खरी मैफल ऐकवायची.

"अजून ऐकू येतं गं तिला," तो मला सांगायचा. "प्रत्येक गोष्टीला उत्तर देते."

उत्तरं ती द्यायचीच.

शेवटी आम्ही तिघं गेलो. 'हजार मेणबत्त्यांच्या उजेडात शास्त्रीय संगीत, खुल्या बागेत' अशी जाहिरात होती. नाव मोठं, लक्षण खोटं. निम्म्या मेणबत्त्या वाऱ्याने आधीच गेलेल्या, आणि कुंपणाशी जनरेटर धडधडतोय. पुढच्या रांगेतल्या मंडळींना गाण्यापेक्षा स्वतःचे फोटो प्यारे. व्हायोलिनवाला मान वेळावत गज ओढत होता आणि आमच्यापर्यंत येत होती ती गंजलेल्या दाराची कुरकुर.

"हे ऐकायला आणलं का मी हिला?" मामा धुमसत होता.

मामी मात्र गजावर टक लावून बसली होती. मामाच्या हातावर तिचं बोट ठेका धरत होतं. "किती गोड वाजवतोय हो," ती म्हणाली. मला वाटलं, बिचारी नवऱ्याचं मन राखतेय.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि उरलेल्या मेणबत्त्याही गेल्या. पाठोपाठ जनरेटरनेही मान टाकली. मिट्ट काळोख. व्हायोलिन थांबलं. लोक कुजबुजायला लागले.

"थांबलं गं," मामाचा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा, "अगं, कधीच थांबलं. ठेका कसला धरतेस?" मग तो जवळजवळ ओरडलाच. आजूबाजूच्या खुर्च्या करकरल्या. मामीने मात्र हूं की चूं केलं नाही.

कुणीतरी टॉर्च लावला. मामाच्या तोंडावर उजेड पडला, तशी ती लगेच म्हणाली, "काय झालं हो? थांबले का?"

बागेबाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली मामाने तिला उभं केलं. आवाज न काढता ओठ हलवले. ते मलाही वाचता आलं. केव्हापासून?

"झालं वर्ष," मामी म्हणाली. "डॉक्टरांकडून आलो, त्यानंतर थोड्याच दिवसांत. तुम्ही एवढी आस धरून बसलेलात. कुठल्या तोंडाने सांगू?"

मामा माझ्याकडे वळला. हा माणूस कुणापुढे कधी वाकला नव्हता. आता त्याच्याकडे बघवेना.

"रोज दिवा मालवला की मी हिची माफी मागायचो गं," तो म्हणाला. "गाणं सोडायला लावल्याची. उजेडात जीभच रेटायची नाही. ही गप्प पडून असायची. मला वाटायचं, ऐकलं, आणि मनातून माफ केलं."

मग तो पुन्हा तिच्याकडे वळला. चेहरा नीट उजेडात धरून ओठांनी सावकाश, पहिल्यापासून सांगू लागला. त्यातला 'गाणं' हा शब्द मी ओळखला. मामीनेही ओळखला असणार. ती घटकाभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग तिने डोळे मिटून घेतले. मामाचे ओठ हलतच होते.