संध्याकाळचं पत्र

काल मुलीने चुकून पाठवलेला मेसेज फोनवरून पुसला, तेव्हा मला बिबवेवाडीतला आमचा कॉम्प्युटर आठवला. त्याच्यावरचं आईने विणलेलं क्रोशाचं झाकण आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास.

इंटरनेट लावलं की फोनचं बिल चढायचं. म्हणून बाबांनी ऑफलाइन रीडर नावाचा एक प्रोग्राम मिळवला होता. सकाळी फोन जोडायचा, कालची उत्तरं पाठवायची, नवी पत्रं उतरवायची आणि लगेच तोडायचं. मग दिवसभर सावकाश वाचायचं, लिहायचं. तो तीस दिवसच फुकट होता. नंतर तो रोज पडद्यावर पाटी दाखवून पैसे मागायचा. बाबा म्हणायचे, "मागू दे. आपल्याला कमी दिसतं."

अमेरिकेतल्या दादाने परस्पर लग्न ठरवल्याचं कळवलं. बाबांनी रागाने लिहिलं, "या घराचं दार तुला बंद." संध्याकाळी ते निवळले. दुसरं पत्र लिहिलं, "दोघंही या." मला म्हणाले, "आधीचं काढून टाक गं."

आई दिवसभर रडली होती, ते दादाला दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं. मी संध्याकाळचं पत्र काढून टाकलं. सकाळी मॉडेम किंचाळला आणि रागाचं पत्र गेलं.

दादाचं उत्तर कधीच आलं नाही. "फुकटचा प्रोग्राम," बाबा म्हणाले, "पत्र पोचवलंच नसेल." मग एक दिवस बँकेच्या रांगेत उभं राहून त्यांनी डॉलरचा ड्राफ्ट काढला आणि त्या प्रोग्रामचे पैसे भरले.

ड्राफ्टच्या पाकिटावर कंपनीचा पत्ता माझ्याच अक्षरात होता.