दोन बोटं उघडी खिडकी

फ्राउ बेकर, आमच्या घरमालकीणबाई, फोनवरचा निरोप सांगायला वर आल्या तेव्हा मी कणीक मळत होते. रविवारची सकाळ होती आणि बाहेर धुकं पसरलं होतं. हेर सोमण, म्हणजे श्रीयुत सोमण, आमचे दत्ताभावोजी, सकाळीच लिंडन भागातल्या एका घराच्या जिन्यात कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढंच त्यांना कळलं होतं. आमचे हे मटकन खुर्चीत बसले. माझ्या तोंडून मात्र पहिला प्रश्न निघाला तो भलताच. "ते कुणाकडे चालले होते?" यांनी खाली जाऊन पोलिसांना फोन केला. त्या घरात कुणीच त्यांना ओळखत नव्हतं, चुकून शिरले असतील, असं उत्तर मिळालं. चुकून... दत्ताभावोजी चुकून जिना चढणारे नव्हते. लहानपणच्या तापानं त्यांचं काळीज अधू झालं होतं, डॉक्टरांनी जिने बंद केले होते, आणि तरीही ते चढले होते. म्हणजे वर कुठेतरी एक दार वाजवायचं राहून गेलं होतं.

हे आणि दत्ताभावोजी सांगलीचे शाळासोबती. हे जर्मनीत हॅनोव्हरला डॉक्टरेटसाठी आले, यांच्या मागोमाग दत्ताभावोजी आले आणि इथल्या इंजिनिअरिंगच्या शाळेत दाखल झाले. आपल्याकडच्या डिप्लोमा कॉलेजसारखी ती शाळा. ती संपवून मग विद्यापीठात जायचं, असा बेत होता. पहिल्याच भेटीत "वहिनी, ही आमटी की चहा?" असं विचारून ते तीन वाट्या आमटी प्यायले. मी मनात म्हटलं, हा माणूस आपल्या घरचा. तेव्हा ते फार हसायचे. ज्यांनी त्यांना नंतर पाहिलं, त्यांना हे खरं वाटणार नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते एका माळ्यावरच्या खोलीत राहत. समोरच्या खोलीत नाईक, रत्नागिरीकडचा अबोल मुलगा. इथे खोलीत कोळशाची लोखंडी भट्टी असते, तिला ओफन म्हणतात, आणि तिच्या धुराड्याला झडप असते. नाईकची आई झोपण्याआधी चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची, म्हणजे सकाळी फुंकर घातली की झालं. त्यानंही तेच केलं. निखारे टिकावेत म्हणून झडप पार लावून घेतली, आणि गारठा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली. आपल्याकडे कौलांतून धूर निघून जातो. इथल्या घरांना तेवढीही फट नसते, आणि कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. सकाळी वर्गाला जाताना दत्ताभावोजींनी त्याचं दार वाजवलं. आतून ओ आली नाही. परीक्षेनं दमलाय, झोपू दे बिचाऱ्याला, म्हणून ते निघून गेले. दुपारी दार फोडावं लागलं. "सकाळी धुगधुगी असावी," असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य कुणी त्यांच्यासमोर बोलायला नको होतं.

महिनाभरानं ते आमच्याकडे आले आणि कोट न काढताच म्हणाले, मी इंजिनिअरिंग सोडतोय, समाजकार्याच्या शाळेत जातोय. हे संतापले. "अरे, दोन वर्षं फुकट घालवणार? घरी काय सांगशील?" घरून वडिलांनी कळवलं, समाजसेवाच करायची होती तर ती सांगलीत कमी पडली काय. पण भावोजी बधले नाहीत. त्यांची दोन वर्षं नव्या शाळेनं मोजलीच नाहीत. आधी वर्षभर वृद्धाश्रमात काम करा, मग बघू, म्हणाले. त्यांनी म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली, त्यांना घास भरवले. मग मुलाखतीत शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, यंत्रं सोडून इकडे का? त्यांनी नाईकची हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, "जागा देते. पण भीतीपोटी हे काम करू नका, हेर सोमण. कितीही काम केलंत तरी ती फिटणार नाही." हे सांगताना भावोजी हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही.

बाईंचं खरं ठरलं. ते शिकले, पास झाले, बाहेरून कामाला आलेल्या लोकांची घरं त्यांच्याकडे सोपवली गेली. तुर्की, ग्रीक, इटालियन, कोण कुठले... भावोजी त्यांच्या खोल्यांतून ओफनच्या झडपा तपासत हिंडायचे. पण कामाचे तास संपले तरी हे हिंडणं संपायचं नाही. हिवाळा लागला की हा माणूस रस्त्यानं मान वर करून चालायचा. माळ्याच्या खिडकीला आतून पांघरूण लावलेलं दिसलं की निघाले वर. आमच्याकडे आले तरी आधी स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडणार, मग कोट काढणार. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडलेले असत. एकदा मी चिडून बोलले, "भावोजी, किती दारं वाजवणार आहात? जगात माणसं आपली आपण जगतातच की." ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी एकदा वाजवून निघून गेलो होतो." त्या दिवसापासून मला धास्तीच बसली होती, की भावोजी कुठल्यातरी जिन्यातच जायचे.

आणि तसंच झालं. हे कोट चढवून म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊ." मी म्हटलं, "अहो, ते आता कुठे जाणार आहेत? आधी ते घर." आम्ही लिंडनची ट्राम धरली. धुकं थोडं विरळ झालं होतं. त्या घरासमोर उभी राहून मी त्यांच्यासारखीच मान वर केली. माळ्याच्या खिडकीला आतून करडं ब्लँकेट लावलेलं होतं.

जिना संपेना. वरच्या दारावर नावाची पाटीसुद्धा नव्हती. मी वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. हे कुजबुजले, "अगं, बाहेर गेले असतील." मी ऐकलं नाही, दोन्ही मुठींनी वाजवत राहिले, हाताला चिकटलेली कणीक दाराला लागली. कितीतरी वेळानं कडी सरकली. एक कोवळ्या वयाची बाई भिंतीला धरून उभी होती, डोळे धड उघडत नव्हते, आणि आत गादीवर तान्हं बाळ निपचित पडलं होतं. यांनी ब्लँकेट ओढून काढलं, खिडकी सताड उघडली. मी बाळ उचलून जिन्यातल्या गार हवेत धावले. ते रडेना. रडेना... आणि मग रडलं. जिथे भावोजी पडले होते, त्याच जिन्यात बसून मीही रडले.

आई आणि बाळ दोघंही वाचली. बाईला आमची भाषा येत नाही, आम्हाला तिची. आपल्या दाराकडे निघालेला कुणी एक माणूस वाटेतच गेला, हे तिला अजून नीट सांगता आलेलं नाही. आता आठवडे उलटले. बाहेर बर्फ आहे, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडी असते. पूर्वी भावोजींची पाठ वळली की हे लगेच ती लावून घ्यायचे. आता झोपण्याआधी हे स्वतःच जाऊन बघतात, ती उघडी आहे ना.