दोन स्पीकर, चार वाकळा

घरात चांगला आवाज आणायचा, आणि तोही खिसा सांभाळून, एवढाच आमचा बेत होता. आमचा म्हणजे तिघांचा. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. सूर्या माझा पेडण्याचा वर्गमित्र, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. आणि पाटील मूळचे गडहिंग्लजकडचे, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीनवर असतात आणि आमच्या शेजारी भाड्याने राहतात. आवाज यायला चार वर्षं लागली. किस्से पहिल्या दिवसापासून यायला लागले, आणि त्यातल्या बहुतेकांत मूर्ख मीच आहे. मी सांगितले नाहीत तर सूर्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगतोच, वर पदरचं घालतो. त्यापेक्षा मीच सांगतो.

* * *

सुरुवात होम थिएटरने झाली. दुकानात सेल होता. एका खोक्यात पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा. मी हिशेब केला, दोनाच्या भावात पाच. गणिताचा मास्तर, दुसरं काय करणार?

दोन दिवस भिंतींना भोकं पाडली. एक स्पीकर देवघराच्या वर आला, एक फ्रिजच्या मागे. सगळं जोडून झाल्यावर पाटलांना बोलावलं, मधोमध खुर्चीत बसवलं आणि एक जुनं भावगीत लावलं. पाटील शहाणा माणूस. आधी पुढे बघितलं, मग मागे, मग फ्रिजकडे. तेवढ्यात गाणं संपलं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"सर, आवाज पाचीकडनं येतोय," पाटील म्हणाले. "पण गाणं कुठनं येतंय?"

त्या दिवशी मला कळलं की गाण्याला दोन चांगले स्पीकर पुरतात. भोकं अजून आहेत. एकात सुषमाने, म्हणजे माझ्या बायकोने, कॅलेंडर लावलंय.

* * *

मग दोन चांगल्या स्पीकरांचा शोध सुरू झाला. नवे परवडणारे नव्हते. सूर्याने खबर आणली की मोरजीला एक परदेशी गृहस्थ सीझन संपल्यावर भाड्याचं घर सोडून चाललाय आणि लाकडी स्पीकरांची जोडी विकतोय. आम्ही सूर्याची पिकअप घेऊन गेलो. सूर्याने एक स्पीकर उचलून बघितला आणि कंबर धरून खाली ठेवला. "घे," तो माझ्या कानात म्हणाला, "हार्डवेअरचा नियम आसा, जड ता बरा." आवाज नीट न ऐकताच आम्ही सौदा केला.

घरी आणल्यावर एकातून काहीतरी खुळखुळायला लागलं. मागचं फळकूट उघडलं तर स्क्रू सैल झालेला, तो घट्ट केला. पण खालच्या कप्प्यात बघतो तर वाळू. काठोकाठ.

"फसवलां रे," सूर्या म्हणाला. "वजनासाठी वाळू भरली." आम्ही दोन्ही स्पीकर अंगणात आडवे करून चार बादल्या वाळू काढली. पुन्हा लावले तर बेस रिकाम्या पिंपावर कुणी थाप मारावी तसा यायला लागला.

मी रागारागाने त्या गृहस्थाला मेसेज केला. त्याचं नम्र उत्तर आलं की खोकं हलू नये, आवाज घट्ट राहावा म्हणून वाळू त्याने मुद्दाम, वाळवून भरली होती, आणि कृपा करून ती काढू नका.

मी अंगणात धावलो. बादल्या रिकाम्या होत्या. सुषमाने वाळू मातीत मिसळून अबोलीच्या कुंड्या भरल्या होत्या. सूर्याच्या दुकानात वाळू मिळाली असती, पण मला तीच वाळू हवी होती. आम्ही कुंड्या उपसल्या, माती उन्हात वाळवली आणि जमेल तेवढी परत भरली.

आता पाहुण्यांनी बेसचं कौतुक केलं की सुषमा म्हणते, "बेस बरो येतलोच मरे. शेणखत आसा त्यात."

* * *

स्पीकर बरे झाले तरी हॉल बरा नव्हता. खाली फरशी, समोर काच. ढोलकीची एक थाप वाजली की तीन ऐकू यायच्या. इंटरनेटवर वाचलं की भिंतींना फोमचे खास तुकडे लावायचे. किंमत बघून मी फोन उलटा ठेवला.

पाटलांनी उपाय काढला. गावी गेले आणि येताना आईने शिवलेल्या चार वाकळा घेऊन आले. जुन्या लुगड्यांच्या, जाडजूड. आम्ही त्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टांगल्या आणि तेच भावगीत लावलं. गाणारी बाई जणू समोर येऊन उभी राहिली. तिने मध्ये श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. चार वर्षांत केलेल्या सगळ्या खर्चापेक्षा त्या वाकळांनी जास्त काम केलं, आणि त्या फुकट होत्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कामतबाई साखर मागायला आल्या. बाहेर पाऊस लागून राहिला होता. त्यांनी भिंतींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सुषमाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "कपडे सुकनत ना गो? आमच्याकडे ड्रायर आसा. लाजू नको, धाडून दी."

* * *

वायरचा किस्सा मला सांगायचा नव्हता, पण तो सूर्याच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही.

स्पीकरची वायर चांगली असेल तर आवाज खुलतो, असं मी कुठेतरी वाचलं आणि एक महागडी वायर मागवली. जाड, जांभळी, सापासारखी. सूर्या म्हणाला, "माझ्या दुकानातली मीटरवर मिळणारी तांब्याची वायर आणि ही, तुला फरक कळला तर मी कान पकडीन." परीक्षा ठरली. मी स्पीकरांकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं. पाटील मागे अॅम्प्लिफायरपाशी वायर बदलणार आणि मी ओळखणार.

पहिल्यांदा गाणं लागलं. मी ऐकलं. मग पाच-सात मिनिटं गेली, मागे काहीतरी खुडबुड झाली, आणि तेच गाणं पुन्हा लागलं. मी डोळे मिटूनच हसलो.

"ही जांभळी," मी म्हणालो. "तबल्याला खोली आलीय. सारंगी मागे सरकलीय. आधीचा आवाज सपाट होता." वर्गात समजावतो तसं मी बराच वेळ समजावलं.

मागून पाटलांचा आवाज आला. "सर, रागावू नका. वहिनींनी चहा दिला, तो पीत बसलो. वायर अजून बदलायची हाय."

जांभळी वायर कंपनीने परत घेतली. सूर्याने कान पकडले नाहीत, पण मला दहा मीटर वायर फुकट दिली.

* * *

पुस्तकी नियम असा की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. मी तो टेपने मोजून फरशीवर खडूने काढला आणि खुर्चीची जागा नक्की केली. त्यावर कुणी काही ठेवलं की मी उचलायचो.

चवथीला सुषमाने हॉल झाडून गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला घेतली आणि गणपतीचं मखर बरोबर त्या खुणेवर मांडलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "घरातली सगळ्यात बरी जागा कोणाची, ता तरी आता नक्की झाला."

आरतीला सूर्याने घुमट घेतलं. मातीचं भांडं आणि तोंडावर चामडं, एवढंच ते वाद्य. पण त्याने पहिली थाप मारली आणि चार वर्षं ज्या बेससाठी मी झुरलो होतो तो समोर उभा राहिला. आरती संपल्यावर मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"बघू नको," सूर्या म्हणाला. "हेका वायर लागत नाय."

* * *

शेवटचा किस्सा माझ्या वडिलांचा आणि भास्करकाकांचा. दोघेही ऐंशीच्या पुढचे, पेडण्याला एकाच वाड्यावर राहतात. आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक व्हायचं. भास्करकाका राजा व्हायचे आणि बाबा विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करायचे. तीस वर्षं असंच चाललं. भास्करकाका नंतरही सगळ्यांना सांगायचे, "माका प्रॉम्प्टर कधी लागलोच नाय. यशवंत आपलो सोबतीक उभो रवायचो." ते असं म्हणाले की बाबा उठून झाडांना पाणी घालायला जायचे. भर पावसातसुद्धा.

त्या नाटकाची एक कॅसेट होती. कुणीतरी विंगेत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. बाबांच्या छोट्या टेपवर तिच्यातून खरखर आणि राजाची गर्जना एवढंच ऐकू यायचं. सूर्याने एक जुना कॅसेट डेक दुरुस्त करून दिला आणि एका रविवारी सकाळी मी दोघांना डिचोलीला आणलं.

पहिलं पद छान झालं. भास्करकाका सोफ्याच्या हातावर ताल धरून डोलत होते. मग राजाचं भाषण सुरू झालं आणि डाव्या स्पीकरमधून एक हलका, स्वच्छ आवाज आला, "प्रधानजी, आजवर या राज्याने..." मागोमाग राजा गरजला, "प्रधानजी, आजवर या राज्याने..."

वाक्य न वाक्य असंच. आधी हलका आवाज, मग गर्जना. भास्करकाकांचा ताल थांबला. एका ठिकाणी हलका आवाज घाईने म्हणाला, "भास्कर, मागे हो," आणि राजा त्याच दमात गरजला, "प्रधानजी, मागे व्हा." कॅसेटमध्ये टाळ्या पडल्या.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मला बंद करायचं सुचलं नाही. कॅसेटची बाजू संपून डेक खट्कन थांबला.

बाबा माझ्याकडे वळले. "तुझ्या मशीनाक खरखर आसा," ते म्हणाले. "मधीच दुसऱ्या कोणाचो तरी आवाज मिसळता. दुरुस्त करून घे."

भास्करकाका खाली बघत बसले होते. मग त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाय रे यशवंता. मशीन बरा आसा." आणि मला म्हणाले, "परत लाव बाबू. त्या राजाचो आवाज जरा बारीक कर."