पाठवणीची चाल

श्रीरामपूरच्या बाजारात आमच्या बँडचं दुकान होतं. काचेच्या कपाटात लाल कोट टांगलेले, दाराशी ढोल आणि आत मास्तर. मास्तर म्हणजे बँडचे मालक, स्वभावाने जमदग्नी. मी चर्चमध्ये गाण्यांना साथ करत मोठा झालेला. त्यांनी मला हाताला धरून क्लॅरिनेटवर बसवलं आणि माझं आयुष्य मार्गी लागलं. त्यांचं मीठ मी विसरणार नाही. पण आज लिहितोय ते त्यांच्या मुलीबद्दल. गेल्या वर्षी आजारपणात ती गेली. शोकसभेत जो उठला तो हेच बोलला, की बाईमाणसाने बँड चालवला, केवढी हिंमत. मला बसल्या जागी चीड आली. बँड चालवणारे पुष्कळ असतात. तिने जे वाचवलं त्याचं नाव कुणी काढलं नाही.

मास्तरांनी स्वतः बांधलेली एक चाल होती, नवरी सासरी निघताना वाजवायची. ती सिनेमातली नव्हती की कुठल्या आरतीवरून घेतलेली नव्हती. वरातीत नाचून नाचून घामाघूम झालेले लोकसुद्धा ती सुरू झाली की टोपी नीट करून गप्प उभे राहायचे. देवळालीकडचे ऊसवाले लग्नाची तारीख धरण्याआधी आमचा बँड मोकळा आहे का ते विचारून जायचे, ते त्या चालीसाठी.

आणि ही चाल आमच्यापैकी एकालाही पूर्ण येत नव्हती. हसू नका. एकमेकांचे वाजवणारे पळवणं हा आमच्या धंद्यातला जुना खेळ आहे, म्हणून मास्तरांनी ती तोडून शिकवली होती. सुरुवात आम्हा क्लॅरिनेटवाल्यांना, मधला भाग ट्रम्पेटवाल्याला, शेवट मोठ्या भोंग्याला. प्रत्येकाला वेगळं बोलावून, दार लावून. दुकानात मिळून तालीम करायची नाही, कारण पाठवणी घरात वाजली तर घरची लक्ष्मी निघून जाते, असं ते म्हणत. रस्त्यावर मास्तर उजवा हात वर करत, की पुढच्याने आपला भाग उचलायचा. हात वर झाल्याशिवाय कुणी फुंकर मारायची नाही. ट्रम्पेट सुरू झालं की आम्ही तंबाखू मळायला मोकळे, त्यामुळे मधल्या भागाकडे माझं नीट लक्ष असं कधी गेलंच नाही.

मग मास्तरांच्या मुलीचं लग्न आलं. एकुलती एक पोर, देवळाली प्रवरेला दिलेली. पाठवणीला मास्तर नवा कोट घालून स्वतः समोर उभे राहिले. आम्ही सुरुवात वाजवली, संपवली आणि थांबलो. हात वर होईना. ट्रम्पेटवाला ओठांना ट्रम्पेट लावून मास्तरांकडे बघत उभा. सगळा मांडव मास्तरांकडे बघतोय आणि आवाज फक्त गाडीच्या इंजिनाचा. गाडी तशीच निघून गेली.

त्यानंतर मास्तर जे भडकले ते विचारू नका. माझ्याच पोरीच्या वेळेला तोंड शिवलं होतं का, असं चारचौघांत त्या ट्रम्पेटवाल्याला बोलले. हाताची वाट बघायची शिस्त त्यांनीच लावलेली. तो बिचारा तीच पाळत होता. त्याने ट्रम्पेट मास्तरांच्या पायाशी ठेवलं आणि एसटी धरून आपल्या गावी, राजूरला निघून गेला. मास्तरांनी त्याला बोलावलं नाही, तो आला नाही. मधला भाग दुसऱ्या कुणाला शिकवा म्हणून आम्ही मास्तरांच्या किती विनवण्या केल्या. त्यांनी ती चाल बंदच केली. कुणी मागितली तर सिनेमातलं गाणं वाजवायला लावायचे.

लग्नं बंद होती त्या साथीच्या काळात मास्तर वारले. वाजवणारे पांगले. कुणी टेम्पोवर गेला, कुणी कारखान्यात. तेव्हा ही मुलगी सासरहून रोज एसटीने येऊन दुकान उघडायला आणि पांगलेल्यांना गोळा करायला लागली. एक डीजेवाला बँडच्या नावाची पाटी विकत मागायला आला, त्याला तिने चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाली की वडलांची चाल पुन्हा उभी करायची. आम्ही जुन्या लग्नांचे व्हिडिओ शोधले. शूटिंगवाल्यांनी पाठवणीच्या जागी नेमकी सिनेमातली गाणी चिकटवलेली. असा संताप झाला माझा. आता चालीचा मधला भाग राजूरच्या त्या एका माणसापाशी उरला होता, आणि तोही म्हातारा झालेला.

आम्ही बाजाराच्या दिवशी राजूरला गेलो. तो तांदळाची पोती पुढे घेऊन बसला होता. आम्हाला पाहिलं आणि गिऱ्हाईकाचं माप करत राहिला. मी झालंगेलं विसरा वगैरे सुरू केलं, तर तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ती सरळ पोत्याशेजारी बसली.

गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "तुझ्या बापानं हात केला असता तर मी जीव काढून वाजवली असती."

"ठाऊक हाय मामा," ती म्हणाली. "मी गाडीच्या काचंतून बघत हुते. त्यांनी हात उचलायला घेतला नि छातीशीच धरला. हात वर केला की मी निघाले, म्हनून त्यांचा हात उठला न्हाई. तुमची चूक न्हवती. मला तवाच बोलाय पाहिजे हुतं."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तो बराच वेळ तांदळात बोटं फिरवत राहिला. मग दुकान शेजारच्याच्या भरवशावर टाकून आम्हाला घरी घेऊन गेला.

तिने कापडी पिशवीतून ट्रम्पेट काढलं. त्याचंच, घासून पुसून ठेवलेलं. पण तो घरात वाजवेना. म्हणाला, "बसल्या पोरीला पाठवनी वाजवीत न्हाईत. तू निघ."

मग ती खरंच निघाली. अंगणातून उतारावरच्या पायवाटेने खाली, रस्त्याकडे. मी सोबत आणलेल्या क्लॅरिनेटवर माझा भाग वाजवला. संपला. तो ट्रम्पेट ओठांशी धरून थांबला, आणि मी मनात म्हटलं, हा बाबा अजून हाताची वाट बघतोय. मागे वळून न बघता तिने चालता चालता उजवा हात वर केला.

वय झालेल्या माणसाचा दम, मध्ये दोनदा तुटला. तरी काय वाजवलं म्हणून सांगू. मी रडलो, आणि त्याची मला लाज नाही.

भोंगेवाला देवळालीतच होता. त्याने शेवट एका बैठकीत देऊन टाकला. चाल पूर्ण झाली आणि बाईंनी काय करावं? दुकानाचं दार सताड उघडं ठेवून सगळे भाग सगळ्यांना शिकवायला लावले. ढोलवाल्यालासुद्धा. लक्ष्मी जाईल म्हणून जुनी मंडळी कुरकुरली. पुढे दुसऱ्या बँडचे लोक शिकायला आले, तर त्यांनाही बसवून घेतलं. माझं डोकं फिरलं. बापाने जिवापाड जपलेली वस्तू तू खिरापतीसारखी वाटतेस, असं मी तिला तोंडावर बोललो.

ती शांतपणे म्हणाली, "काका, त्यांनी कुलूप लावलं म्हनून ती एका दिवसात बंद पडली. आता कुनी रुसलं, कुनी गेलं, तरी ती बंद पडाय नको."

मी चार दिवस फुगून बसलो आणि पाचव्या दिवशी शिकवायला गेलो.

यंदा राहुरीकडच्या एका लग्नाला पाहुणा म्हणून गेलो होतो. बँड अनोळखी, एकही चेहरा माझ्या ओळखीचा नाही. नवरी निघाली आणि त्यांनी ती चाल उचलली. मी क्लॅरिनेटवाल्याजवळ जाऊन उभा राहिलो. वाजवून झाल्यावर त्याला विचारलं, कुणी शिकवली?

"आमच्यात समद्यांना येती," तो म्हणाला. "जुनीच चाल हाय."

एरवी मी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. घेतलं नाही. गाडी वळणापलीकडे गेली होती. गाडीतल्या त्या मुलीला चाल शेवटपर्यंत मिळाली होती, आणि ती मिळावी म्हणून कोण राजूरला जाऊन पोत्याशेजारी बसली होती, हे तिला कधी कळणारही नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडले.